सोमवारचा ताप

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या घरी सोमवारी संध्याकाळी ताप यायचा. यायचा तो माझ्या यजमानांना. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि मला नाव घ्यायची सवय अजूनही झालेली नाही, म्हणून इथेही मी त्यांना ‘हे’ म्हणूनच लिहिते.

हे कामावरून आले की दारातच भिंतीला हात टेकून उभे राहायचे. वाकून चपला काढण्याचंही त्राण नसायचं. मी तांब्या पुढे केला की एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "गोड लागतंय." पाण्यात काही नसायचं. त्यांच्या तोंडालाच ती विचित्र गोड चव आलेली असायची. थोड्या वेळात हुडहुडी भरायची. भर उन्हाळ्यात मी गोधडीवर घोंगडी आणि घोंगडीवर माझं जुनं लुगडं घालायचे, तरी दात वाजायचे. सकाळी उठावं तर अंथरूण घामानं ओलंचिंब, आणि हे आरशासमोर बसून दाढी करताहेत. अंग मोडून आलेलं, डोळे खोल गेलेले, पण ताप नाही. चहा पिऊन कामावर.

आम्ही अंबरनाथला राहायचो, पूर्वेला, दोन खोल्यांत. मी, हे आणि माझ्या सासूबाई. यांची नोकरी पितळ ओतण्याच्या एका खाजगी कारखान्यात होती. नळ, स्टोव्हचे बर्नर, पंपांचे भाग असलं काय काय तिथं ओतलं जायचं. हे डिप्लोमा झालेले, त्यामुळे भट्टीखात्याचे सुपरवायझर होते. सुपरवायझर म्हटलं की टेबल-खुर्ची डोळ्यांपुढे येते. यांना खुर्ची होती, पण ती भट्टीपासून हाकेच्या अंतरावर, आणि तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नसेल.

मी कॅम्पातल्या शाळेत शिकवायचे. कॅम्प म्हणजे आजचं उल्हासनगर. लष्करानं सोडलेल्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहत होती, आणि विठ्ठलवाडीच्या अंगाला अशाच एका बराकीत आमची शाळा भरायची. वर्गात निम्म्या मुली सिंधी, निम्म्या आसपासच्या गावांतल्या. मी मराठी आणि हिंदीची भेळ करून शिकवायचे. बस मिळाली तर बस, टांग्यात जागा असली तर टांगा, आणि बहुतेक वेळा पायी. घरी आले की नळाला पाणी यायची वेळ झालेली असायची. पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, आणि सोमवार असला की गोधड्या काढायच्या. मला त्या दिवसांतलं आठवतं ते हेच, की बसावंसं वाटायचं आणि बसायला वेळ नसायचा.

सासूबाई दृष्ट काढायच्या. गवती चहा, आलं, तुळस घालून काढा करायच्या. "कुणाची तरी नजर आहे बाई," म्हणायच्या, "एवढा दणकट माणूस, आठवड्यातून एकदा असा वाळल्या पानासारखा होतो." आमचे डॉक्टर जवळच राहायचे. त्यांनी नाडी पाहिली, थंडी वाजते का विचारलं, घाम येतो का विचारलं आणि मलेरिया म्हणून गोळ्या दिल्या. त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. त्या वर्षांत आमच्या भागात घरटी एक मलेरियाचा माणूस होता. डीडीटी फवारणारे येऊन भिंतींवर पांढरे ओघळ काढून गेले होते. थंडी, ताप, घाम, यापलीकडे कोण कशाला विचार करणार? गोळ्यांनी यांच्या कानांत घूं घूं आवाज यायला लागला. ताप मात्र सोमवारी येतच राहिला.

एके वर्षी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई लग्न होऊन गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी सातवीचं विज्ञान माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "बाई, माझा विषय इतिहास आणि मराठी." त्या म्हणाल्या, "मलाही तीन वर्गांना गणित शिकवावं लागतंय. माझा विषय संस्कृत." मी पुस्तक घेऊन घरी आले.

पहिलाच धडा पदार्थाच्या अवस्थांचा निघाला. घन, द्रव, वायू. बर्फ वितळतं, पाणी उकळतं, इथपर्यंत माझी गाडी ठीक चालली. पुढे लिहिलं होतं की धातूही असेच वितळतात, आणि वितळत असताना कितीही उष्णता दिली तरी तापमान वाढत नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खाली जाळ आहे, वरचं भांडं तापतं आहे, आणि तापमान वाढत नाही, म्हणजे काय? मुलींनी विचारलं तर काय सांगणार? त्यातली एक तरी विचारणारच होती.

यांना रविवारीच विचारता यायचं. बाकीचे दिवस हे जेवता जेवता पेंगायचे. रविवारी दुपारी आडवे झाले होते तेव्हा मी पुस्तक घेऊन उशाशी बसले.

"अहो, हे एवढं समजावून सांगा ना. धातू वितळताना तापमान वाढत नाही म्हणजे?"

डोळे न उघडता म्हणाले, "नाही वाढत."

"पण का?"

"अगं, रोज तेच बघतो. आज तरी नको."

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं झोपले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उद्या तुझ्या शाळेला सुटी आहे ना? दुपारी कारखान्यात ये. शेठ उद्या मुंबईला जाणार आहे. बघितलंस की माझ्यापेक्षा चांगलं सांगशील."

कारखान्यात बायकांनी जायची पद्धत नव्हती. सासूबाईंना मी डबा द्यायला जाते म्हणून सांगितलं, आणि खरोखरच डबा घेऊन गेले.

पत्र्याची लांबच लांब शेड. बाहेर ऊन होतं, पण आत पाऊल टाकल्यावर बाहेरचं ऊन गार वाटावं अशी धग. जमिनीतच खड्डे करून भट्ट्या बांधलेल्या, त्यांच्या तोंडाशी विटांची कडी, आणि आत कोळशाच्या निखाऱ्यांत बसवलेल्या काळ्या मुशी. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं, साधारण घागरीएवढं. पंख्याचा वारा खालून भट्टीत घुसत होता आणि त्या घोंगावण्यात माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

भट्टीवरचे मिस्त्री बदलापूरजवळच्या कात्रपचे होते. शेतकरी घरातले, वयानं यांच्यापेक्षा बरेच मोठे. मला बघून आधी ते गोंधळले, मग खांद्यावरच्या पंचानं एक लाकडी खोकं झटकून दिलं. "वहिनी, हितं बसा. पुढं येऊ नका." यांनी मला निळ्या काचेचा एक तुकडा दिला. त्यातून पाहिलं तर डोळे दिपत नव्हते.

मुशीत तांब्याच्या जुन्या तारा आणि भांड्यांचे तुकडे होते. आधी ते लाल झाले, मग नारिंगी. बराच वेळ काहीच होईना. मला वाटलं, वितळणं म्हणतात ते एवढंच. मग एका तुकड्याची कड जरा गोल झाली. एक कोपरा बसला. एक तार उभी होती ती आपल्याच जागी कमरेतून वाकली आणि खाली गेली. तळाशी काहीतरी चकाकायला लागलं, आणि वरचे तुकडे त्या चकाकीत हळूहळू उतरायला लागले.

हे माझ्या कानाशी वाकून बोलत होते. घरी न बोलणारा माणूस तिथं बोलत होता.

"घट्ट धातूत कण कसे असतात, तर रांगेत. वर, खाली, आजूबाजूला, प्रत्येकाची जागा ठरलेली. पण गप्प नसतात. गार धातूतसुद्धा जागच्या जागी थरथरत असतात. तापवलं की थरथर वाढते. तापमान वाढतं म्हणजे तेच, ही थरथर वाढते."

"मग?"

"मग एक वेळ अशी येते की जागा धरून राहणं जमत नाही. रांगा मोडायला लागतात. आता बघ, अर्धं वितळलंय, अर्धं नाही. खाली जाळ तेवढाच आहे. पण आता सगळी उष्णता रांगा मोडण्यातच खर्च होते. थरथर वाढवायला उरतच नाही. शेवटचा तुकडा वितळेपर्यंत तापमान तिथल्या तिथे. तो वितळला की पुन्हा चढायला लागतं."

"म्हणजे उष्णता वाया जात नाही. दिसत नाही एवढंच."

"दिसत नाही," हे म्हणाले.

"आणि रांगा मोडल्या की कण सुटे होतात?"

"छे. सुटे झाले असते तर उडून गेले असते. एकमेकांना धरूनच असतात. फक्त शेजारी बदलत राहतो. आज हा, उद्या तो. म्हणून तर धातू वाहतो, ओतता येतो. आणि कण एकमेकांना धरून असतात म्हणूनच तो मुशीत राहतो."

मी पुन्हा काचेतून पाहिलं. आता मुशीत एकही तुकडा उरला नव्हता. गुळगुळीत, जड, थरथरणारं काहीतरी होतं. किती वेळ मी बघत बसले कुणास ठाऊक.

"जस्ताचं मात्र निराळं असतं," हे म्हणाले. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, एवढं मला माहीत होतं. "जस्त फार लवकर वितळतं. तांबं वितळायला जेवढी आच लागते तेवढ्यात जस्त उकळतंच. त्यामुळे त्याचे कण शेजारी बदलून थांबत नाहीत. काही सरळ निघून जातात."

तेवढ्यात मिस्त्रींनी तोंडावर ओला रुमाल बांधला. बाकीच्यांनीही बांधले. मिस्त्रींनी लांब चिमट्यात जस्ताची वडी धरली, मुशीत घातली आणि जोर लावून तळाशी दाबून धरली. मुशीच्या तोंडाशी हिरवट पांढरी ज्योत भडकली. आणि तिच्यातून धूर उठला, पांढराशुभ्र, दाट. तो वर पत्र्याला जाऊन अडला आणि तिथून पसरून खाली आला. धुरातून पिंजलेल्या कापसासारखे हलके पुंजके तरंगत येत होते. यांच्या केसांवर बसले, माझ्या पदरावर बसले. मी बोटानं एक उचलला तर पिठासारखा चुरला.

"वहिनी, तोंडावर पदर घ्या!" मिस्त्री ओरडले.

मी घेतला, पण त्याआधी बराच वेळ तोंड उघडं टाकून बघत होते. एवढं सुंदर काही आमच्या त्या कंटाळवाण्या दिवसांत मी पाहिलं नव्हतं.

घरी आले, पाणी भरलं, पीठ मळायला घेतलं. घसा कोरडा पडला म्हणून घोटभर पाणी प्यायले, तर ते गोड लागलं. मी तांब्यात वाकून पाहिलं. पुन्हा एक घोट घेतला. गोडच. छाती आवळल्यासारखी झाली, पाठीतून शहारा गेला, आणि मी परात तशीच सोडून भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात दारात हे. भिंतीला हात टेकून उभे.

मी विचारलं, "गोड लागतंय?"

हे माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसले.

सासूबाईंनी दोघांची अंथरुणं शेजारी शेजारी घातली. घरातली पांघरुणं दोघांत वाटली. "एकदम दोघांना?" त्या म्हणाल्या. "एकाच डासानं चावा घेतला की काय?" मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्या अर्ध्या मळलेल्या पिठाच्या भाकरी त्यांनीच थापल्या.

माझी हाडंन् हाडं ठणकत होती. पण डोकं मात्र चालू होतं. मी आजवर एवढ्या वेळा ही थंडी बाहेरून पाहिली होती, आता ती आतून कळत होती आणि तिच्यात मलेरियाचं काही नव्हतं. मला मलेरिया लहानपणी होऊन गेला होता. त्यात पाणी गोड लागत नव्हतं. आणि सकाळी, जशी यांना यायची तशीच, घाम येऊन मला जाग आली. ताप गेला होता.

"अहो," मी म्हटलं, "तो धूर आहे. मलेरिया नाही. कालचा तो पांढरा धूर."

हे दाढी करत होते. "धूर तर रोज असतो. ताप रोज येत नाही."

"भट्टीवरच्या दुसऱ्या कुणाला येतो का?"

हात थांबला. "सोमवारी निम्मे लोक संध्याकाळी थरथरत असतात," हे सावकाश म्हणाले. "शेठ म्हणतो, रविवारच्या हातभट्टीची थरथर आहे. खडसावतो त्यांना. दारूबंदी आहे, पण मिळते ती मिळतेच. मलाही तेच वाटायचं."

"तुम्ही तर पीत नाही."

"नाही," हे म्हणाले. "म्हणून मला मलेरिया."

सोमवारीच का, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. हे कामावर गेले. मी शाळेत गेले.

त्या दिवशी मी धातूचा धडा घेतला. उभं राहवत नव्हतं. शाळेत प्रयोगाला काही नव्हतं, म्हणून मी मुलींना बराकीबाहेर मैदानात नेलं आणि रांगांत उभं केलं. पुढचीच्या खांद्यावर एक हात, शेजारणीचा हात दुसऱ्या हातात. म्हटलं, "तुम्ही तांब्याचे कण. जागा सोडायची नाही. फक्त थरथरायचं." मुलींना गंमत वाटली. मी टाळ्या जोरात वाजवायला लागले की त्या जोरात थरथरायच्या. मग मी म्हटलं, "आता रांगा मोडा. फिरा. पण एकट्या राहायचं नाही. एक हात सुटला की लगेच दुसरा धरायचा."

धुरळा उडाला. मुली हसत, ढकलत फिरायला लागल्या. एकीचा हात सोडून दुसरीचा धरायचा, तो सोडून तिसरीचा. पण जवळच्या गावातली एक मुलगी आणि तिची सिंधी मैत्रीण, दोघी एकमेकींचा हात धरून जागेवरच उभ्या.

"अगं, तुम्ही पण फिरा ना," मी म्हटलं.

"बाई, मी नाय सोरनार हिचा हात," गावातली म्हणाली.

मी त्यांना तसंच राहू दिलं. मुलींना सांगितलं, बघा, हा तुकडा अजून वितळायचा राहिलाय, आणि तो राहिलाय तोवर तापमान वाढायचं नाही. म्हणजे माझ्या टाळ्यांचा वेग तेवढाच. मुली त्या दोघींभोवती गोळा झाल्या आणि त्यांचे हात सोडवायला लागल्या. ते सोडवताना केवढी ओढाताण, केवढा आरडाओरडा! सगळा जोर त्यातच चालला होता. फिरण्याचा वेग कुणाचाच वाढला नव्हता. पुस्तकातलं ते वाक्य मला त्या क्षणी खऱ्या अर्थानं कळलं, आणि मला वाटतं, मुलींनाही कळलं. मी मैदानातल्या दगडावर बसून घेतलं.

शाळा सुटल्यावर मी कॅम्पातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या सिंधमधून आलेल्या होत्या. बराकीच्या एका खोलीत मधे पडदा लावून पुढे दवाखाना, मागे संसार. माझ्या वर्गातल्या मुलींना त्याच तपासायच्या, म्हणून ओळख होती. बाहेर बाकावर इतकी माणसं होती की मी परत फिरणार होते, पण त्यांनी मला पाहिलं आणि आत बोलावलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधेच थांबवून एकच विचारलं, "बुखार किस दिन आता है, बहनजी?"

"सोमवारी."

"और छुट्टी इतवार को?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले, आठवल्यासारखं. त्यांचं शिक्षण कराचीला झालं होतं आणि तिथल्या ओतकामाच्या कारखान्यांतली माणसं त्यांनी तपासली होती. मराठी-हिंदी मिसळून त्यांनी मला सांगितलं ते असं : जस्ताची वाफ हवेत आली की तिची बारीक भुकटी होते, ती छातीत जाते आणि ताप आणते. रोज रोज जात राहिली तर शरीराला तिची सवय होते आणि ताप येत नाही. एक दिवस सुटी मिळाली की शरीर ती सवय विसरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा ताप.

"म्हणजे विश्रांती घेतल्यानं ताप येतो?" मी विचारलं.

"आराम की वजह से नहीं. धुएँ की वजह से." मग जरा थांबून म्हणाल्या, "मलेरिया की गोली बंद करो. धुआँ बाहर निकालो. दवा इसकी यही है." त्यांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मी उठले तेव्हा त्यांनी पडद्यामागे हाक मारून मला चहा आणवला, आणि आम्ही दोघी तो प्यायलो. बाहेर माणसं खोकत होती.

मी घरी सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. दोन-चार दिवस काहीच केलं नाही. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आज शेठकडे गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"म्हटलं, भट्टीवरचे चार पत्रे काढून टाकू. मधून धूर निघून जाईल. म्हणाला, पावसाचं पाणी तापल्या मुशीत पडलं तर? तेही खरं आहे. पाणी पडलं तर मूस फुटल्यासारखी उडते. म्हटलं, पावसाळा लांब आहे, तोवर उंच छपर होईल. तर म्हणाला, लोकांना गूळ देतो ना मी? गुळानं धूर उतरतो."

"आणि तापाचं?"

"म्हणाला, सुपरवायझरच असं बोलायला लागले तर माणसं सोमवारी कामावर यायचीच नाहीत."

सासूबाई वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? भट्टी लागली होती. गेलो परत."

मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या रविवारी हे सकाळीच कपडे करून निघाले. रविवारी कधी घराबाहेर न पडणारा माणूस. दुपारी आले तेव्हा हात गंजानं लाल झालेले. मिस्त्री, आणखी दोघे भट्टीवाले आणि हे, अशा चौघांनी मिळून भट्ट्यांच्या वरचे पत्रे उतरवले होते. राखणदाराला वाटलं, साहेब आलेत म्हणजे शेठनंच सांगितलं असणार.

सोमवारी संध्याकाळी मी दारात उभी होते. हे आले, चपला काढल्या, पाणी मागितलं. पूर्ण तांब्या रिकामा केला. तेच म्हणाले, "पाण्यासारखं लागतंय."

सासूबाईंनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि पदरानं डोळे पुसले.

शेठनं मंगळवारी यांना बोलावलं. आरडाओरडा केला नाही. कारखान्याला हात लावायचा अधिकार कुणी दिला, एवढंच विचारलं, आणि यांना भट्टीखात्यातून काढून गोदामात टाकलं. तयार नळ मोजून खोक्यांत भरून घ्यायचे. मिस्त्रींना काही केलं नाही, कारण त्यांच्यासारखं ओतणारा दुसरा माणूस शेठला मिळणार नव्हता. पत्रे मात्र परत चढले नाहीत. चढवायला कुणी माणूसच पुढे येईना. मिस्त्री म्हणाले, शिडी मोडलीय. दुसऱ्या कुणी म्हटलं, पत्रे वाकलेत. असं करता करता पावसाळा तोंडावर आला, तेव्हा शेठलाच घाई झाली आणि भट्टीवर उंच, चारी बाजूंनी मोकळं छपर उभं राहिलं. धूर तिथून सरळ वर जायला लागला. पुढे बाहेरची माणसं कारखाना बघायला आली की शेठ त्यांना ते छपर स्वतःची कल्पना म्हणून दाखवायचा. हे मला मिस्त्रींनी सांगितलं. मिस्त्री बदलापूरहून येताना कधी भाजी, कधी जांभळं घेऊन आमच्या घरी यायचे. यांना म्हणायचे, "साहेब, आता सोमवार कवा येतो न् कवा जातो, कळत नाय."

मला फार राग आला होता. एकदा मी यांना म्हटलं, "तुम्ही भांडला का नाहीत? सगळं तुम्ही केलंत आणि तुम्हीच गोदामात."

हे म्हणाले, "भांडायला उभं राहावं लागतं गं. मला बसायचं होतं."

गोदामात खुर्ची होती आणि तिच्यावर बसताही यायचं. ताप गेला, वजन जरा भरलं. पण घरी आल्यावर आता हे बोलायचे नाहीत. पूर्वीही बोलायचे नाहीत, पण ते दमून. आता दमलेले नसायचे, तरी गप्प. एकदा मी धड्याचं काही विचारायला गेले तर म्हणाले, "भट्टी बघून किती दिवस झाले. आठवत नाही नीट." ते खोटं होतं. आठवत सगळं होतं.

मी विज्ञान पुढे कितीतरी वर्षं शिकवलं. कायमच्या विज्ञानाच्या बाई काही मिळाल्या नाहीत. दर वर्षी मुलींना मैदानात नेऊन रांगांत उभं करायचे. दर वर्षी मला दगडावर थोडं लवकर बसावं लागायचं.

एका रविवारी संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, दोघं जरा फिरून या, घरात नुसते भिंती बघत बसता. आम्ही शिवमंदिराकडे गेलो. ओढ्याला पाणी होतं, गर्दी नव्हती. दर्शन घेऊन बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. मी मुख्याध्यापिकांचं काहीतरी सांगत होते. त्यांना वरच्या वर्गाचं गणितही घ्यायला लागणार होतं. सांगता सांगता पाहिलं तर हे दगडी भिंतीला टेकून गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. इतकी शांत झोप मी त्यांना घरात कधी लागलेली पाहिली नव्हती. अंधार व्हायला अजून वेळ होता. मी बोलणं थांबवलं, पाय लांब केले आणि त्यांना जाग येईपर्यंत तिथंच बसून राहिले.